अनुत्पादक गट

माझ्या पुतणीला बायकांची लघवी हवी होती. हे तिनं आमच्याकडे जेवायला बसल्यावर, पोळीचा तुकडा मोडता मोडता सांगितलं. माझ्या बायकोनं आमटी वाढत "किती जणींची?" एवढंच विचारलं. कशाला हवी, हा प्रश्न तिच्या दृष्टीनं दुय्यम होता.

पुतणी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची धाकटी मुलगी. सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करते. तिची संस्था पाषाणच्या बाजूला, भाऊ-वहिनी सिंहगड रस्त्याला, आणि आम्ही शनिवार पेठेत. आमचं घर जाता-येता वाटेवर पडतं असं ती म्हणते. नकाशा पाहिला तर पडत नाही. पण पाचवी ते दहावी ती शाळेसाठी आमच्याकडेच राहत होती, आणि वाट कशाला म्हणायचं हे तिनं बहुधा तेव्हाच ठरवून टाकलं असावं.

आमटी संपेपर्यंत तिनं आम्हाला विषय समजावून सांगितला. सोयाबीनमध्ये काही खास पदार्थ असतात. ते साखरेचा एक तुकडा चिकटलेल्या अवस्थेत आपल्या पोटात जातात. आतड्यातले जंतू आधी ती साखर तोडून टाकतात. मग त्यातल्या एका पदार्थाचं जे उरतं त्याला डेडझीन म्हणतात. पुढे काही माणसांच्या आतड्यातले जंतू त्या डेडझीनपासून इक्वॉल नावाची वस्तू तयार करतात. काहींच्या आतड्यातले जंतू तसं करत नाहीत. ते त्याची दुसऱ्याच रीतीनं मोडतोड करतात. इक्वॉल हे थोडंफार स्त्रीसंप्रेरकासारखं वागतं. पाळी गेल्यावर सोयाबीन खाऊन एखादीला बरं वाटतं आणि एखादीला काही म्हणजे काही वाटत नाही, त्याचं कारण कदाचित इथे असेल. जेवण होईपर्यंत तिनं "कदाचित" हा शब्द चारदा वापरला. शास्त्रज्ञ माणूस विश्वासाचा आहे की नाही हे मी त्यावरूनच ठरवतो.

"माझ्या अंगातून तीन वर्षं वाफा निघतायत," बायको म्हणाली. "ह्यांना वाटतं पंखा बिघडलाय. लिही माझं नाव."

लिहायचं काम माझ्याकडे आलं. संस्थेच्या समितीनं सांगितलं होतं की सहभागी होणाऱ्या बायकांना माहितीपत्रक, संमतीपत्र आणि शेवटी निकालाचं पत्र मराठीतून गेलं पाहिजे. मी सरकारी कचेरीत अनुवादक होतो. निवृत्त होईपर्यंत मी हजारो पानं मराठीत आणली. त्यातलं एकही वाक्य माझं स्वतःचं नव्हतं, पण एकाही वाक्याला मराठी म्हणून नावं ठेवायला मी जागा ठेवली नव्हती. पुतणीनं स्वतःच एक कच्चा मसुदा केला होता. तो मी वाचला आणि चष्मा पुसून पुन्हा वाचला. त्यात "तुमच्या पोटात काय होतं ते आम्ही बघणार" असं एक वाक्य होतं.

आमची तीन संध्याकाळी खडाजंगी झाली. इक्वॉलला मराठी शब्द नाही हे मला सहन होईना. नाव कुठून आलं म्हणून विचारलं, तर कळलं की हा पदार्थ पहिल्यांदा घोडीच्या लघवीत सापडला, म्हणून घोड्याच्या लॅटिन नावावरून त्याचं नाव पडलं. मी "अश्वोल" सुचवलं. ती म्हणाली, "काका, नको. आणि ही घोडीची गोष्ट कुण्णाला सांगू नका." तिथे मी माघार घेतली. तिच्या मसुद्यात "जंतू" हा शब्द सात ठिकाणी होता. सातही ठिकाणी तो खोडून मी "सूक्ष्मजीव" केलं, आणि तिथे मात्र हटलो नाही.

शेवटचा वाद निकालाच्या पत्रावर झाला. ज्यांच्या पोटात इक्वॉल तयार होतं त्यांना इंग्रजीत "प्रोड्यूसर" म्हणतात, इतरांना "नॉन-प्रोड्यूसर". पुतणीनं लिहिलं होतं, "तुमच्या पोटात इक्वॉल तयार होतं" किंवा "होत नाही". मी तिला म्हटलं, हे ओट्यापाशी बोलायचं वाक्य झालं. वर्गीकरण करायचं तर गटाला नाव लागतं. उत्पादक गट आणि अनुत्पादक गट.

"अनुत्पादक जरा कसंतरी वाटत नाही का, काका?"

"कसंतरी म्हणजे नेमकं कसं ते सांग, बदलू."

तिला सांगता आलं नाही, आणि उशीरही झाला होता. मला तो शब्द सवयीचा होता. अनुत्पादक खर्च, अनुत्पादक जमीन. एका परिपत्रकात भाकड गुरांसाठी "अनुत्पादक पशुधन" हा शब्द मीच बसवला होता आणि त्या दिवशी घरी येऊन बायकोला कौतुकानं सांगितलाही होता. समितीनं पत्रं एका बैठकीत मंजूर केली. भाषा निर्दोष आहे असा शेराही दिला.

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्हाला मूल झालं नाही. मराठीतलं हे वाक्य फार सोयीचं आहे. झालं नाही, संपलं. कुणामुळे झालं नाही, ते सांगायची सक्ती त्या वाक्यावर नाही. लग्नाच्या पाचव्या वर्षी आम्ही दोघांनी तपासण्या करून घेतल्या. तिचे सगळे अहवाल चोख आले. माझ्या अहवालात शुक्रजंतूंच्या रकान्यात एक आडवी रेघ होती. डॉक्टरांनी ती बोटानं दाखवली. परत येताना रिक्षात मी बायकोला म्हणालो, "घरी आत्ता काही बोलू नकोस. मी सांगीन सावकाश." ती "बरं" म्हणाली.

सावकाश म्हणजे किती, हे ठरलं नव्हतं. आई होती तोवर तिला धक्का बसेल म्हणून सांगितलं नाही. आई गेल्यावर, आता जुनं कशाला उकरायचं म्हणून सांगितलं नाही. दरम्यान घरातल्या सगळ्यांनी धरून चाललं की दोष हिच्यातच आहे. तोंडावर कुणी बोललं नाही. वहिनींच्या तिन्ही मुलांच्या बारशाला पाळण्यापाशी बायका जमल्या की हिला सांगितलं जायचं, "तू जरा आत पानांचं बघतेस का?" ती आत जाऊन पानांचं बघायची. मी बाहेर बसून हे बघायचो आणि पेढा खायचो. तीस वर्षं होऊन गेली. त्या अहवालापासून "जंतू" हा शब्द लिहायची वेळ आली की माझा हात थांबतो, आणि मी शास्त्रीय शुद्धतेचं कारण देतो.

तर प्रयोग सुरू झाला. आमच्या इमारतीतल्या आठ जणी तयार झाल्या, नववी माझी बायको. सिंहगड रस्त्याला वहिनींनी नाव दिलं. लेकीचं काम म्हटल्यावर त्या मागे राहणाऱ्यातल्या नव्हेत. त्या माझ्या बायकोपेक्षा एका वर्षानं मोठ्या आहेत आणि ते वर्ष त्यांनी कधी वाया जाऊ दिलेलं नाही. बाकीच्या बायका पुतणीनं गावभर फिरून गोळा केल्या.

तीन दिवस सकाळ-संध्याकाळ बिनसाखरेचं सोयाबीनचं दूध प्यायचं आणि चौथ्या दिवशी सकाळची पहिली लघवी डबीत द्यायची, एवढंच काम होतं. तरी इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस चर्चा चालली. मधल्या दिवशी संकष्टी येत होती. सोयाबीन उपासाला चालतं का? एकीचं म्हणणं, ते तेलबी आहे, शेंगदाण्यासारखं, तेव्हा चालेल. दुसरीचं म्हणणं, कडधान्य आहे, चालणार नाही. पुतणीला विचारलं तर ती म्हणाली की विज्ञानाचं यावर काही मत नाही. शेवटी सगळा प्रयोगच संकष्टीच्या पुढे ढकलला. मी त्या दुधाचा एक घोट घेऊन पाहिला. ओला पुठ्ठा मी कधी खाल्लेला नाही, पण आता खायची गरज उरली नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी त्याचा चहा करून पाहिला आणि पुतणी रागावल्यावर तसं कबूल केलं. इक्वॉलचं पहिल्याच दिवशी "इक्वल" झालं. जिन्यात भेटलं की "माझं इक्वल कधी कळणार हो?" असं मला विचारलं जाई, जणू ते माझ्याकडेच अडकलं आहे. चौथ्या दिवशी सकाळी पुतणी बर्फाचा डबा घेऊन दारोदार फिरली. बहुतेक डब्या साड्यांच्या दुकानांच्या पिशव्यांतून बाहेर आल्या. एका डबीवर नाव, वय आणि खाली "ताजी" असं लिहिलेलं होतं.

माझ्या बायकोनं हे सगळं जितक्या निगुतीनं केलं तितकं कुणीच केलं नसेल. घड्याळ लावून दूध प्यायली. पुतणीनं दिलेल्या तक्त्यात वेळा लिहिल्या. तिला त्या वाफांचा खरंच त्रास होता. विमा कंपनीतल्या नोकरीची शेवटची दोन वर्षं तिनं फाइलनं वारा घेत काढली होती. पण त्याहून मला वाटतं, त्या मुलीच्या कामात आपला वाटा असावा हे तिला हवं होतं. तिच्या दहावीच्या अभ्यासात होता, तसा.

दोन महिन्यांनी बंद पाकिटांतून निकाल आले. त्या दिवशी दुपारी घरच्या ग्रुपवर वहिनींनी आपल्या पत्राचा फोटो टाकला. "आपण उत्पादक गटात मोडता" या ओळीखाली त्यांनी लाल रेघ ओढली होती आणि वर लिहिलं होतं, "तीन मुलांनंतर आता हेही!" भावानं टाळ्या वाजवल्या. कुणा चुलतभावानं फुलं पाठवली. मग वहिनींनी विचारलं, "धाकटीचं काय आलं?"

धाकटी म्हणजे माझी बायको. ती स्वयंपाकघरात उभी राहून आपलं पाकीट फोडत होती. मी दारात उभा होतो, कारण पत्र छापून कसं दिसतं ते मला बघायचं होतं. तिनं ते एकदा वाचलं. घडी घातली. पुन्हा उघडून ती एकच ओळ वाचली असावी, कारण नजर हलली नाही.

"काही चुकलंय का?" मी विचारलं. माझा खरोखरच असा समज होता की टंकलेखनात काही राहिलं असेल.

"नाही. शब्द नेमका आहे." तिनं पत्र माझ्या हातात दिलं. "भाकड नाही लिहिलंत, आभारी आहे."

मग तिनं भाजी फोडणीला टाकली.

ती ओळ मी वाचली. "आपण अनुत्पादक गटात मोडता." माझं वाक्य, माझ्याच बायकोला, माझ्याच घराच्या पत्त्यावर. मला बोचेल असा शब्द सातही ठिकाणांहून मी वेचून काढला होता. तिला बोचेल असा शब्द मी स्वतःच्या हातानं घातला होता, आणि पुतणी अडखळली तेव्हा तिला व्याकरण शिकवलं होतं. मला इतकी लाज वाटली की मी ताबडतोब जाऊन शब्दकोश उघडला. त्यात "अनुत्पादक"चा दिलेला अर्थ बरोबरच होता. त्याचा मला काहीही उपयोग झाला नाही.

पुढचे दोन दिवस बायको माझ्याशी अगदी नीट वागली. जेवायला वाढलं, गॅस संपत आल्याचं सांगितलं, लाइटबिलाची आठवण केली. ती रागावली की भांडत नाही, सभ्य होते. ग्रुपवर वहिनींच्या प्रश्नाला तिनं उत्तर दिलं नाही. वहिनींनी पुन्हा एक प्रश्नचिन्ह पाठवलं.

तिसऱ्या दिवशी मी पुतणीच्या संस्थेत गेलो. सगळी पत्रं परत मागवायची, असं मनात होतं. ती एका पारदर्शक पेटीसमोर बसली होती. पेटीला पुढून दोन जाड काळे हातमोजे जोडलेले होते आणि कोपरापर्यंतचे हात त्यात घालून ती आतल्या नळ्या उचलत होती. हे जंतू हवा लागली की मरतात, म्हणून त्यांना बिनहवेच्या पेटीत सांभाळतात. हात अडकलेले असल्यानं तिला माझ्याकडे वळता येईना, तेव्हा मी तिच्या पाठीशीच बोललो. काय झालं ते सांगितलं. भाकड गुरांचंही सांगितलं. अहवालाचं नाही सांगितलं.

तिनं हातातली नळी जागेवर ठेवली. मग म्हणाली, "चूक माझीपण आहे. मला तेव्हा कळत होतं, सांगता आलं नाही. पण काका, तो शब्द तसाही चूकच आहे. माणूस यात काही करतच नाही. करतात ते जंतू. आईच्या पोटात ते करणारे जंतू आहेत, काकूच्या पोटात नाहीत, किंवा असतील आणि करत नसतील. आईनं त्यासाठी काही कष्ट घेतलेले नाहीत."

"म्हणजे कर्ताच चुकला."

"हो. आणि मी माझीपण टेस्ट केली होती. माझ्यात होत नाही. काकूचं आणि माझं सेम आलं."

पाचवी ते दहावी दोघी एकाच ताटातलं जेवल्या म्हणून असेल का, असं मी विचारलं. तसं म्हणता येणार नाही, ती म्हणाली. हे जंतू कुणात का असतात आणि कुणात का नसतात ते अजून नीट कळलेलं नाही. मग हातमोज्यांतून हात काढून तिनं घाम पुसला आणि म्हणाली, "पण मला ते आवडलं."

तिथेच स्टुलावर बसून आम्ही सुधारित पत्र केलं. या वेळी मी "जंतू" लिहिलं. "सोयाबीनमधल्या एका घटकापासून काही जणांच्या आतड्यातले जंतू इक्वॉल तयार करतात. आपल्या आतड्यातल्या जंतूंनी ते तयार केल्याचं दिसलं नाही. अशी पुष्कळ निरोगी माणसं असतात." त्यापुढे मी आणखी एक वाक्य घातलं, "यात आपला कोणताही दोष नाही." पुतणीनं ते वाचलं आणि त्यावर पेन टेकवलं.

"हे काढू या. मूळ इंग्रजीत नाहीये. कमिटी विचारेल, दोषाचा प्रश्न आला कुठून?"

मी ते खोडलं. दोषाचा प्रश्न कुठून आला ते मला चांगलं माहीत होतं.

समितीनं नवं पत्र मंजूर केलं. मी बायकोच्या हातात तिची प्रत दिली. तिनं सावकाश वाचली आणि म्हणाली, "आता छान झालंय. भाषांतर चांगलं करता तुम्ही." बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. पत्र सुधारणं हे माझं कामच नव्हतं, निदान ते एवढंच नव्हतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही. तिनं मला कधी आठवण केली नाही. रिक्षातल्या त्या दिवसानंतर एकदाही नाही.

त्या रविवारी पुतणी इमारतीत सुधारित पत्रं वाटायला आली. वहिनीही सोबत आल्या. भाऊ आला नाही; त्याची रविवारची दुपार झोपेची असते. वहिनी मोठ्या खुर्चीत बसल्या, चष्मा लावला आणि लेकीनं दिलेलं नवं पत्र वाचलं.

"म्हणजे मी आता उत्पादक नाही? काढून घेतलंत होय, भावोजी?"

"जंतू आहेत उत्पादक. तुम्ही त्यांची जागा," मी म्हणालो.

त्या मनापासून हसल्या. वहिनी दुष्ट बाई नाहीत, हे सांगायला हवं. आईच्या शेवटच्या आजारपणात तिचं सगळं त्यांनी आणि माझ्या बायकोनं मिळून केलं, आणि त्यात वहिनींचा वाटा कमी नव्हता. हसणं झाल्यावर त्या बायकोकडे वळल्या. "तुझं काय आलं गं शेवटी? ग्रुपवर काही बोललीच नाहीस."

"नाही होत माझ्यात," बायको म्हणाली.

वहिनींचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांनी बायकोच्या गुडघ्यावर हात ठेवला, थोपटला, आणि म्हणाल्या, "असू दे गं. तुझ्याकडे काही व्हायचंच नाही, त्याला कोण काय करणार. मनाला लावून घेऊ नकोस."

हे त्या प्रेमानं म्हणाल्या. हेच वाक्य, याच सुरात, मी तीस वर्षांत कितीतरी वेळा ऐकलं होतं. कुंडीतलं जास्वंद जळालं तेव्हा, आम्ही घेतलेली मांजर पळून गेली तेव्हा. बायको दर वेळी मान हलवायची. या वेळीही तिनं हलवली. आणि मग, इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते तिनं केलं: माझ्याकडे पाहिलं. नजरेत मागणी नव्हती. मी काय करतो ते ती फक्त बघत होती.

"वहिनी," मी म्हणालो, "आमच्या बाबतीत जे झालं नाही, ते…"

ते वाक्य पुढे जाईना. कचेरीत असतो तर मी ते खोडलं असतं. इथेही खोडलं आणि पुन्हा सुरुवात केली.

"मूल माझ्यामुळे झालं नाही. तपासणी झाली होती आमची. हिचं सगळं व्यवस्थित होतं. दोष माझ्यात निघाला. घरी मी सांगणार होतो, मी सांगितलं नाही. तुम्ही सगळे हिला काय समजत होतात ते मला दिसत होतं. मी ते तसंच चालू दिलं."

बोलताना माझा आवाज परिपत्रक वाचल्यासारखा येत होता, तेवढं मला कळलं. पुतणी हातातली पाकिटं धरून दारातच थांबली होती. वहिनींचा हात अजून बायकोच्या गुडघ्यावर होता. तो त्यांनी उचलला, आणि कुठे ठेवावा ते न सुचल्यासारखा पुन्हा तिथेच ठेवला.

"भावोजी, काय भलतंच बोलताय."

"खरं आहे ते," बायको म्हणाली.

वहिनी तिच्याकडे बघतच राहिल्या. त्यांना काय काय आठवत असेल ते मला दिसत होतं, कारण मलाही तेच आठवत होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "अगं, मग तू कशी बोलली नाहीस? एवढी वर्षं? मला तरी सांगायचंस!"

"त्यांनी सांगायचं होतं," बायको म्हणाली.

एवढं बोलून ती उठली. मला वाटलं होतं, म्हणजे तीस वर्षांत कधी कधी मी कल्पना केली होती, की मी हे सांगीन तेव्हा तिला हलकं वाटेल, ती माझ्याकडे बघून काहीतरी म्हणेल, निदान "बरं" म्हणेल. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ती आतल्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं, आणि थोड्या वेळानं तिच्या रडण्याचा आवाज यायला लागला. तिला मोठ्यानं रडताना मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. तिच्या आईच्या वेळीही नाही.

पुतणी आत जायला निघाली. वहिनींनी तिला हातानं थांबवलं आणि खुर्चीचा आधार घेत स्वतः उठल्या. मी दारापाशी पोचलो होतो. हात कडीपर्यंत गेला होता आणि तिथेच राहिला, कारण आत जाऊन पहिला शब्द कोणता बोलायचा हे मला ठरवता येत नव्हतं. वहिनींनी तेवढं ठरवायला वेळ घेतला नाही. मला बाजूला करून त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

दारातून वहिनींचा आवाज येत होता. "माझं चुकलं गं. चुकलं माझं." चुकलं होतं माझं. पण ते सांगायला माझ्याआधी त्या आत पोचल्या होत्या.